फुटणारे चित्र आणि तळमजल्यावरचा बूस्टर: नवी पेठेतील एका डिश दुरुस्ती सेवेचे परीक्षण

सोलापुरात डिश बसवून देणारे कारागीर प्रत्येक पेठेत सापडतात. परंतु बसवलेल्या डिशवर काही वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि काही वाहिन्यांचे चित्र चौकोन पडून फुटते, असे का होते याचा माग काढणारा कारागीर क्वचितच भेटतो. नवी पेठेतील ज्या दुकानाच्या दुरुस्ती सेवेविषयी हे लिहीत आहे, तिचा मुख्य गुण हाच की तिथून आलेल्या मुलाने डिशला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. सेवेतील काही गोष्टी खटकल्या आहेत आणि त्या मोकळेपणाने लिहायच्या आहेत. शिवाय वाचकाने त्याच दुकानात जावे यापेक्षा कोणत्याही कारागिराकडून काय करून घ्यावे हे त्याला कळावे, असा या लेखनाचा हेतू आहे.

आमची इमारत अशोक चौकाच्या बाजूला आहे. या भागात एकाच जिन्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे असतात, त्यामुळे मासिक शुल्क नसलेली दूरदर्शनची फ्री डिश इथे केवळ स्वस्त म्हणून लावली जात नाही. सह्याद्री, यादगिरी आणि चंदना या तिन्ही वाहिन्या एकाच छत्रीवर मिळतात, ही तिची खरी सोय आहे. तळमजल्यावर गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. तक्रार अशी होती की दिवसा ठरावीक वाहिन्यांचे चित्र अडखळत असे, आवाज तुटत असे, आणि रात्री किंवा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याच वाहिन्या निर्मळ दिसत. यापूर्वी आलेल्या कारागिरांपैकी एकाने डिश हलली आहे असे सांगितले, दुसऱ्याने एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणारा सिग्नल घेणारा भाग, बदलायला लावला, आणि शेजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे जवळच्या यंत्रमागांच्या मोटारींवर खापर फोडले. खर्च होत राहिला, चित्र मात्र तसेच राहिले.

या दुकानाच्या मुलाने रिमोट मागून सेट-टॉप बॉक्सच्या मेन्यूतील सिग्नलचे पान उघडले. त्या पानावर दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंग्थची आणि दुसरी क्वालिटीची. चित्र फुटत असतानाही स्ट्रेंग्थची पट्टी भरलेली होती. क्वालिटीची पट्टी मात्र खाली-वर होत होती. “काका, स्ट्रेंग्थ बघू नका, क्वालिटी बघा. डिश हलली असती तर दोन्ही पडल्या असत्या,” एवढेच तो म्हणाला आणि वहीत वाहिन्यांची नावे लिहू लागला. पावसाने सिग्नल अडतो तेव्हा तो सगळ्याच वाहिन्यांवर अडतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या मागे येतो तेव्हा काही मिनिटांपुरती सगळीच वाहिनीमाला जाते. काही वाहिन्या जाऊन काही राहतात, तेव्हा कारण आकाशात नसून फ्रिक्वेन्सीत आहे असे समजावे, हा त्याचा पहिला धडा मला पूर्णपणे पटला. ज्या वाहिन्या फुटत होत्या त्या सर्व मोजक्या ट्रान्सपाँडरवरच्या, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या पाठवणाऱ्या उपग्रहातील मोजक्या प्रक्षेपकांवरच्या, निघाल्या.

इथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण सगळी गोष्ट त्या हिशेबावर उभी आहे. फ्री डिशच्या वाहिन्या पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर असलेल्या जीसॅट-१५ या, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या उपग्रहावरून येतात. सोलापुरातून पाहिले तर तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंचीवर आहे. तिथून येणाऱ्या लहरी केयू पट्ट्यातील, म्हणजे ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात. एवढ्या उच्च फ्रिक्वेन्सीची लहर साध्या केबलमधून घरापर्यंत नेता येत नाही, म्हणून डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी तिच्यातून ९,७५० मेगाहर्ट्झ वजा करतो आणि उरलेली फ्रिक्वेन्सी केबलमध्ये सोडतो. ११,५७० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपाँडर घेतला तर केबलमध्ये १,८२० मेगाहर्ट्झ उतरतात. ११,०९० चा घेतला तर १,३४०. आता मोबाइलच्या १८०० पट्ट्यात टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल १,८०५ ते १,८८० मेगाहर्ट्झमध्ये असतो, आणि फोनकडून टॉवरकडे जाणारा १,७१० ते १,७८५ मध्ये. म्हणजे पहिला ट्रान्सपाँडर केबलमध्ये उतरल्यावर नेमका मोबाइलच्या लहरींच्या जागेवर येऊन बसतो आणि दुसरा त्यांच्यापासून दूर राहतो. केबल धड असेल तर बाहेरच्या लहरी बाहेर आणि आतल्या आत राहतात. केबल निकृष्ट असेल, तिच्या जाळीत फटी असतील किंवा मध्ये हाताने पिळून जोडलेला सांधा असेल, तर तीच केबल अँटेना बनते आणि मोबाइलची लहर उपग्रहाच्या सिग्नलवर चढते. डिजिटल चित्राचा स्वभाव असा की ते जुन्या अॅनालॉग चित्रासारखे हळूहळू मुंग्या येत बिघडत नाही. चुका दुरुस्त करण्याची बॉक्सची मर्यादा ओलांडली की एकदम फुटते.

राउटरवर येणारा आळही याच हिशेबाने उतरतो. घरोघरचे वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालते. डिशच्या केबलमध्ये सेट-टॉप बॉक्स ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा वाचतो. त्यामुळे फ्री डिशचे चित्र फुटू लागले की राउटर बंद करून पाहणारे लोक चुकीच्या दाराशी उभे असतात.

मग ती लहर एवढी जोरकस कुठून येत होती? टॉवर आमच्यापासून पुरेसा लांब आहे. कारागिराने गच्चीवर एलएनबीपासून स्वतःजवळची छोटी केबल थेट मीटरला जोडली, तेव्हा क्वालिटी उत्तम आली. घरातल्या टोकाशी तीच खराब. म्हणजे दोष डिशचा नव्हता, उतरणाऱ्या केबलचा होता. केबलचा मार्ग पाहत तो खाली गेला आणि कारखान्याच्या भिंतीवर, आमच्या केबलपासून हातभर अंतरावर, मोबाइल सिग्नल बूस्टरचा, म्हणजे टॉवरचा सिग्नल बाहेर पकडून आत जोरात सोडणाऱ्या यंत्राचा, आतला अँटेना सापडला. त्याचा बाहेरचा अँटेना गच्चीच्या कठड्यावर, डिशच्या जवळच होता. पत्र्याच्या छताखाली रेंज मिळत नाही म्हणून कारखान्याच्या मालकांनी तो ऑनलाइन मागवला होता. ते सज्जन गृहस्थ आहेत. “अण्णा, दहा मिनिटं हे बंद करा” असे म्हटल्यावर त्यांनी स्वतःच बटण दाबले, आणि वरच्या मजल्यावरून क्वालिटी चढल्याची हाक आली. रात्री आणि सुट्टीला चित्र का बरे राहत होते, हे सांगायची मग गरज उरली नाही.

या सेवेचे मूल्यमापन करताना मी सर्वाधिक गुण या तपासणीला देतो. स्वस्त, नुसता पिंपिं आवाज करणारा फाइंडर घेऊन आलेल्या माणसाला हे सापडले नसते, कारण तो फाइंडर फक्त ताकद सांगतो आणि उपद्रवी लहरही ताकदच वाढवते. या मुलाकडे सिग्नलचा दर्जा ट्रान्सपाँडरनिहाय दाखवणारा डिजिटल मीटर होता आणि त्याने तो मला दाखवत वापरला.

बूस्टरविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण इथे बराच गैरसमज आहे. आपल्या देशात काही फ्रिक्वेन्सी पट्टे परवानामुक्त आहेत: वाय-फायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे, तसेच ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ही त्याची उदाहरणे. त्या पट्ट्यांतील उपकरण ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत कोणीही वापरू शकतो. अट एवढीच की त्याने इतरांना उपद्रव द्यायचा नाही आणि स्वतःला झालेल्या उपद्रवापासून संरक्षणही मागायचे नाही. मोबाइल बूस्टर या वर्गात येत नाही. तो मोबाइल कंपन्यांना परवान्याने दिलेल्या पट्ट्यात प्रक्षेपण करतो, आणि असे यंत्र बसवण्याचा अधिकार परवानाधारक मोबाइल कंपनीलाच आहे. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहे. तरीही ही यंत्रे खोक्यात बंद होऊन घरपोच येतात, आणि विकत घेणाऱ्याला ती टेबल पंख्याइतकीच निरुपद्रवी वाटतात.

कारागिराने सांगितलेली नव्हे, पण त्याच्या कामाचे महत्त्व कळावे म्हणून मांडावीशी वाटते अशी एक तुलना आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणी अजूनही कित्येक घरांत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून, अँटेनावर येते. तिथल्या एफसीसी या नियामक संस्थेने ४ नोव्हेंबर २००८ रोजी दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील त्या त्या गावी रिकाम्या असलेल्या जागा परवानामुक्त उपकरणांना वापरू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा प्रसारकांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. डिजिटल चित्र एकदा फुटले की प्रेक्षकाला कारण कळणार नाही आणि तो वाहिनीलाच दोष देईल, ही त्यांची भीती होती. उपकरणाने स्वतः हवेत कानोसा घेऊन वाहिनी रिकामी आहे का ते ठरवावे, की आपले ठिकाण सांगून नोंदवहीतून रिकाम्या वाहिन्यांची यादी घ्यावी, असा वाद होता. २०१० मध्ये नोंदवहीची पद्धत मुख्य मानून, ती वापरणाऱ्या उपकरणांवरची कानोसा घेण्याची सक्ती काढण्यात आली. महाराष्ट्रातही आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यात ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या रिकाम्या जागा वापरून खेड्यांना इंटरनेट देण्याचा प्रयोग केला आहे.

सोलापूरच्या प्रेक्षकाला त्या नोंदवहीचा थेट उपयोग नाही. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचे जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, त्यांत राज्यातील मुंबई आणि औरंगाबाद होते, सोलापूर नव्हते. आणि देशातील बहुतेक अॅनालॉग क्षेपणकेंद्रे २०२१-२२ मध्ये बंद झाली. आपल्याकडे चित्र येते ते उपग्रहावरून किंवा केबलवरून. उपग्रहाच्या ११ गिगाहर्ट्झच्या लहरीला आकाशात नियमांचे संरक्षण आहे. एलएनबीने ती खाली उतरवली, की तिला १,८२० मेगाहर्ट्झवर कोणाचेही संरक्षण उरत नाही, कारण ती आता आपल्या खासगी केबलमधील बाब असते आणि त्या फ्रिक्वेन्सीचा हक्काचा मालक मोबाइल परवानाधारक असतो. उद्या टॉवर घराशेजारी आला तर बूस्टर नसतानाही हाच त्रास होईल आणि त्याविरुद्ध तक्रारीला जागा नसेल. गच्चीपासून बैठकीपर्यंतच्या केबलचे आवरण हेच त्या चित्राचे कवच आहे, आणि म्हणून डिश दुरुस्तीत केबल हा किरकोळ खर्च मानणाऱ्या कारागिरावर विश्वास ठेवू नये असे माझे मत झाले आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. जुनी केबल आरजी-६ या छापाचीच होती, पण कापून पाहिल्यावर आतली जाळी इतकी विरळ निघाली की सोलापुरी चादरीच्या भावात मच्छरदाणी घेतल्यासारखे वाटले. तिच्या जागी पन्नी, जाळी आणि पुन्हा पन्नी असे तिहेरी आवरण असलेली ७५ ओहमची केबल टाकली. हाताने फिरवून बसवायचे कनेक्टर काढून दाबयंत्राने बसवले जाणारे एफ-कनेक्टर लावले. जुन्या जोडणीत दुसऱ्या खोलीसाठी मध्येच काढलेला, आता वापरात नसलेला फाटा होता. तो काढून टाकला, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली, कारण मोकळे सोडलेले टोक लहर आत घेण्याचे हमखास ठिकाण असते. केबलचा मार्गही कारखान्याच्या भिंतीपासून दूर, इमारतीच्या दुसऱ्या बाजूने नेला. काम झाल्यावर बूस्टर मुद्दाम चालू करायला लावून त्याने पुन्हा आकडे घेतले: ज्या वाहिन्या आधी फुटत होत्या त्या स्थिर राहिल्या, फक्त एका ट्रान्सपाँडरची क्वालिटी थोडी कमी दिसली आणि त्याने ते लपवले नाही. बाहेरचा अँटेना डिशच्या इतका जवळ असताना याहून अधिक होणार नाही, असे त्याने सांगितले.

दर वाजवी होते. तपासणीचे ३०० रुपये आधी घेतले आणि काम दिल्यावर मजुरीतून वजा केले. केबल, कनेक्टर आणि मजुरी धरून एकूण खर्च दीड हजारांच्या आसपास गेला. याआधी विनाकारण बदललेल्या एलएनबीचा विचार करता हा खर्च मला जड वाटला नाही. काढलेली केबल त्याने मागण्याआधीच परत दिली.

उणिवा पुष्कळ आहेत. सकाळी येतो म्हणून सांगितलेला माणूस दुपार उलटल्यावर आला आणि दुकानातून फोनवर कोणी धड उत्तर दिले नाही. भिंतीतून केबल आत घेतली ते भोक बुजवले नाही. पावसाळ्यात तिथून ओल येणार हे सांगितल्यावर “पुट्टी तुम्ही लावून घ्या” असे उत्तर मिळाले. गच्चीवरच्या कनेक्टरवर पाणी न शिरणारी पट्टी गुंडाळण्याचे काम मला आठवण करून द्यावे लागले, जे एखाद्या अनुभवी माणसाला सांगावे लागू नये. कनेक्टर गंजला की आवरण तुटते आणि सगळा त्रास पहिल्यापासून सुरू होतो.

सर्वांत खटकलेली गोष्ट मात्र दुकानातच दिसली. पैसे द्यायला गेलो तेव्हा काउंटरमागच्या फळीवर तशाच मोबाइल बूस्टरची खोकी मांडलेली होती. विचारल्यावर मालकांनी “गिऱ्हाईक मागतंय, सगळेच विकतात” असे म्हटले. त्यांचा कारागीर ज्या यंत्राचा उपद्रव शोधून काढतो, तेच यंत्र ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात, आणि देताना त्याला परवान्याविषयी काही सांगत नाहीत. तपासणीसाठी मी या सेवेला पूर्ण गुण दिले असते. या फळीमुळे दुकानाला ते देता येत नाहीत. कारखान्याच्या मालकांनी मात्र समजुतीने बूस्टर काढला आणि ब्रॉडबँडच्या वाय-फायवरून कॉल करण्याची सोय फोनमध्ये चालू करून घेतली. ती सोय बहुतेक नव्या फोनांत आणि मोठ्या मोबाइल कंपन्यांकडे वेगळे पैसे न देता मिळते, आणि पत्र्याखालच्या रेंजचा प्रश्न कायदेशीरपणे सोडवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. बूस्टर निघाल्यावर तो उरलेला एक ट्रान्सपाँडरही ताळ्यावर आला.

केबलचे ग्राहक असलेल्या शेजाऱ्यांनी हीच सेवा घ्यावी का, असे मला विचारले गेले. केबलचा प्रश्न निराळा आहे. केबलच्या डिजिटल वाहिन्या ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असतात, आणि त्याच पट्ट्यात ७०० मेगाहर्ट्झची ५जी सेवा येते. गणपतीत किंवा गड्ड्याच्या यात्रेत वापरले जाणारे अनेक कॉर्डलेस माइकही ५०० ते ७०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतात. घरातला सांधा सैल असेल तर तिथेही लहर शिरते आणि चांगल्या कनेक्टरने ती थांबते, एवढे काम हा कारागीर करू शकेल. दोष ऑपरेटरच्या मुख्य केंद्रातील मोठ्या सी-बँड छत्रीत असेल, तर घरातली केबल बदलून काही होणार नाही. त्या छत्र्या ३,७०० मेगाहर्ट्झच्या वरचे सिग्नल घेतात आणि ५जीचा पट्टा ३,६७० पर्यंत येऊन थांबतो, त्यामुळे एलएनबीपुढे योग्य फिल्टर बसवण्याची जबाबदारी ऑपरेटरची असते. संपूर्ण गल्लीत एकाच वेळी तक्रार असेल तर कारागिराला न बोलावता ऑपरेटरकडे जावे.

ज्यांच्याकडे फ्री डिश किंवा अन्य डीटीएच आहे आणि ठरावीक वाहिन्याच फुटतात, त्यांनी या दुकानाला किंवा डिजिटल मीटर बाळगणाऱ्या कोणालाही बोलवावे. बोलावताना मीटर कोणता आहे हे फोनवरच विचारावे, केबलवर छापलेले लांबीचे आकडे पाहून पैसे द्यावेत, आणि काम संपल्यावर प्रत्येक ट्रान्सपाँडरची क्वालिटी आधी किती होती व आता किती आहे हे बिलाच्या मागे लिहून घ्यावे. आम्हाला मिळालेली वर्षभराची हमी तोंडी होती. पक्के बिल मागितल्यावर ते दोन दिवसांनी मिळाले, आणि हमीची ओळ त्यावर मला सांगून लिहून घ्यावी लागली.